दोन मिनिटांचा विमानप्रवास

विमानाचा प्रवास म्हटला की तुमच्या डोळ्यांसमोर लांबचा देश येतो. पण आज मी तुम्हांला अशा विमानाची माहिती सांगणार आहे, जे आकाशात उडते न उडते तोच खाली उतरते.

स्कॉटलंड देशाच्या उत्तरेला ऑर्कनी नावाचा बेटांचा समूह आहे. त्यात वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे अशी दोन लहान बेटे आहेत. 2011 च्या जनगणनेत पापा वेस्ट्रेवर फक्त 90 लोक होते. तरीही तेथे विमानतळ आहे!

या दोन विमानतळांमधील अंतर सुमारे 2.7 किलोमीटर आहे. 1967 पासून येथे नियमित विमानसेवा चालते. प्रवासाला साधारणपणे दोन मिनिटांहून जास्त वेळ लागत नाही. वारा अनुकूल असेल तर विमान एका मिनिटाच्या आत पोहोचते. 53 सेकंद हा येथील विक्रम आहे. जगातील नियमित विमानप्रवासांत हा सर्वांत छोटा प्रवास मानला जातो. विमानही छोटेच. त्यात आठ-नऊ माणसे बसतात.

आता थोडे गणित करू. 2 मिनिटांत 2.7 किलोमीटर, तर 60 मिनिटांत किती? 2.7 ला 30 ने गुणा. उत्तर येते 81. म्हणजे ताशी 81 किलोमीटर. हा तर मोटारीचा वेग झाला! मग विमान कशाला हवे?

कारण मध्ये समुद्र आहे. तेथे पूल नाही. बोटीने जायला सुमारे 25 मिनिटे लागतात आणि समुद्र खवळला की बोट बंद पडते. या बेटांवर शिकवायला येणारे काही शिक्षक विमानाने येतात. डॉक्टरही येतात. मोठे रुग्णालय कर्कवॉल या शहरात, दुसऱ्या बेटावर आहे. आजाऱ्याला तेथे न्यायचे असेल तर एकेक मिनिट मोलाचे असते. मात्र दाट धुके पडले तर विमानही उडत नाही. मग समोर दिसणारे बेटसुद्धा फार दूर होते.

मित्रांनो, नकाशावरचे अंतर पट्टीने मोजता येते. पण वाट कशी आहे, साधन कोणते आहे आणि हवा कशी आहे, यांवर प्रवासाचा वेळ ठरतो. पावसाळ्यात ओढ्याला पूर आला, की पलीकडची शाळा जवळ असूनही दूर होते ना? मग एखादा मुलगा उशिरा वर्गात आला, तर त्याला हसू नका. आधी त्याची वाट विचारा.

शब्दार्थ
बेट – जज़ीरा
अंतर – फ़ासला
अनुकूल – सोईचा
खवळणे – उसळणे, रागावणे
धुके – कोहरा

स्वाध्याय
1. पापा वेस्ट्रे बेट कोठे आहे?
2. बेटावरील लोकांना विमानाची गरज का वाटते?
3. विरुद्धार्थी शब्द लिहा : जवळ, छोटा, उशिरा.
4. तुमच्या घरापासून शाळेचे अंतर व लागणारा वेळ लिहा. पावसाळ्यात त्यात काय फरक पडतो, ते पाच वाक्यांत सांगा.