सगळी गल्ली वर बघते तेव्हा

प्रश्न : आठ वर्षे मी एका ठेकेदाराकडे झाडछाटणीच्या कामावर होतो. गेल्या दसऱ्याला स्वतःचे काम सुरू केले. दोर, हार्नेस, हेल्मेटे, एक चेनसॉ आणि हाताखाली तीन पोरे, एवढेच भांडवल. काम मिळते, पण ओळखीपाळखीतून. महिन्याला चार, फार तर पाच. मुलगा म्हणतो, इन्स्टाग्रामवर पैसे भरून जाहिरात करा. मेहुणा म्हणतो, चौकात फ्लेक्स लावा. जाहिरातीसाठी माझ्याजवळ पाच हजार रुपये आहेत. ते कुठे घालू? आणि एक कुतूहल आहे. शहरात इतकी झाडे, दर पावसाळ्यात फांद्या कोसळतात, गाड्या चेपतात. तरी लोक आमच्यासारख्याला आधीच का बोलावत नाहीत?
— एक वाचक, सिंहगड रस्ता, पुणे

उत्तर : आधी तुमचे कुतूहल घेतो, कारण पाच हजारांचे उत्तर त्याच्याच पोटात आहे.

घराला रंग काढावा, पडदे बदलावेत असे माणसाला सणासुदीला आपोआप वाटते. गुलमोहर छाटून घ्यावा असे दिवाळीला कुणालाच वाटत नाही. झाड रोज थोडेथोडे वाढते, म्हणून त्याचे वाढणे दिसत नाही. ते दिसते मे महिन्यातल्या एखाद्या संध्याकाळी. वळवाचा वारा सुटतो, समोरच्या बंगल्यातली फांदी कडाडून खाली येते, आणि मग आख्खी गल्ली आपापल्या कुंपणातल्या झाडाकडे पहिल्यांदाच संशयाने बघू लागते. दुसऱ्या दिवशी ऊन पडते आणि संशय ओसरतो.

म्हणजे तुमचे गिऱ्हाईक वर्षभर गिऱ्हाईक नसतेच. एखाद्या दिवशी, तास-दोन तासांपुरते ते गिऱ्हाईक होते. चौकातला फ्लेक्स त्याने रोज पाहिलेला असला तरी त्या तासाला तो समोर नसतो आणि नंबर पाठ नसतो. त्या तासाला माणसाचा हात चार ठिकाणी जातो : मोबाइलकडे, सोसायटीच्या ग्रुपकडे, वॉचमनकडे किंवा माळ्याकडे, आणि नुकतेच झाड छाटून घेतलेल्या शेजाऱ्याकडे. या चार ठिकाणी तुमचा नंबर असेल एवढेच बघायचे आहे. त्याला पैसे कमी आणि चिकाटी जास्त लागते.

फ्लेक्सचे काय?

मेहुण्यांचा मान राखून सांगतो, नको. परवानगीशिवाय सार्वजनिक जागी फलक किंवा पत्रके लावणे हा महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंध अधिनियम, १९९५ खाली गुन्हा आहे. आणि झाडाला खिळा ठोकून पाटी तर स्वप्नातही लावू नका. झाडाचा अन्नरस सालीच्या आतल्या थरातून वाहतो; खिळा नेमका तिथेच घुसतो. पुण्यात ‘आंघोळीची गोळी’ या संस्थेने २०१८ मध्ये झाडांचे खिळे उपटण्याची मोहीम सुरू केली, तेव्हापासून असे खिळे लोकांच्या डोळ्यांत चांगलेच खुपू लागले आहेत. झाडाची निगा राखतो म्हणणाऱ्याची पाटीच झाडाला ठोकलेली दिसली, तर पुणेकर तिचा फोटो काढून कुठे कुठे पाठवील ते सांगायला नको.

शेजारी : फुकटातली सर्वांत मोठी जाहिरात

तुमच्या धंद्याला एक देणगी आहे, जी प्लंबरला नाही. प्लंबर मोरीत काम करतो, त्याला कुणी बघत नाही. तुम्ही तीस फुटांवर चढता, चेनसॉ सुरू होतो आणि सगळी गल्ली मान वर करून उभी राहते. इतके प्रेक्षक पाच हजारांत कुठली जाहिरात मिळवून देणार? बहुतेक जण ती संधी हातची घालवतात. काम उरकतात, पालापाचोळा अर्धवट उचलतात आणि टेंपोत बसून निघून जातात. तुम्ही पुढच्या चार गोष्टी करा.

एक, आदल्या संध्याकाळी आजूबाजूच्या आठ-दहा घरांत अर्ध्या कागदाची चिठ्ठी टाका : ‘उद्या सकाळी ९ ते १२ शेजारच्या आंब्याची छाटणी आहे. आवाज होईल, तसदीबद्दल क्षमस्व. गाडी शक्यतो थोडी लांब लावावी. भुसा उडाल्यास आम्ही झाडून देऊ.’ खाली नाव आणि नंबर. जाहिरातीचे पत्रक लोक न वाचता टाकतात. ही चिठ्ठी वाचतात, कारण गाडी त्यांची असते.

दोन, महापालिकेच्या परवानगीची प्रत प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून मालकाच्या गेटवर अडकवा. वर बघणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या हातात मोबाइल असतो आणि त्यातला एखादा ‘परवानगी आहे का?’ म्हणून तक्रार करायला टपलेला असतो. प्रत दिसली की तोच माणूस ‘ही कशी काढायची हो?’ असे विचारायला येतो. त्या पाकिटाशेजारी तुमची पाटी असू द्या.

तीन, तीन पोरांतला बोलका पोरगा खाली ठेवा. दोर सांभाळणे हे त्याचे काम आहेच, पण विचारणाऱ्याला उत्तर देणे हेही त्याचेच. जड फांदीला आधी खालून काप का द्यायचा (नाहीतर ती पडताना खोडाची साल सोलवटून नेते), शेवटचा काप फांदीच्या बुडाशी असलेल्या फुगवट्याच्या बाहेरून का घ्यायचा (तिथूनच झाड जखम भरून आणते), हे त्याला दोन वाक्यांत सांगता आले पाहिजे. ‘कापणारे’ आणि ‘जाणणारे’ यांतला फरक लोकांना तिथे कळतो. फांदीवर घरटे दिसले तर ती फांदी तशीच सोडा आणि का सोडली तेही त्यालाच सांगू द्या.

चार, निघताना रस्ता आलात तेव्हा होता त्यापेक्षा स्वच्छ करून जा. बाईमाणसे, आजी-आजोबा काप बघत नाहीत, अंगण बघतात.

मोबाइल : नाव कसे ठेवावे

गुगलवर व्यवसायाची नोंद फुकट होते. दुकान नसले तरी चालते. पत्ता लपवून फक्त तुम्ही कुठल्या भागांत जाता ते दाखवता येते. नोंदीतले नाव मात्र तुमच्या पाटीवरचेच असावे लागते, मागाहून त्याला शेपटे जोडलेली गुगलला चालत नाहीत. म्हणून नाव आत्ताच विचार करून ठेवा. ‘श्री साई एंटरप्रायझेस’ या नावावरून काहीच बोध होत नाही. नावात ‘झाडछाटणी’ हा शब्द हवाच.

फोनमध्येही तीच गंमत आहे. लोक तुमचे नाव ‘जाधव’ म्हणून साठवतात आणि वर्षाने कुठला जाधव ते विसरतात. घाबरलेला माणूस फोनमध्ये ‘झाड’ किंवा इंग्रजीत ‘ट्री’ असे शोधतो. म्हणून काम संपताच व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःचा संपर्क स्वतःच पाठवा, तोही ‘झाडछाटणी’ या शब्दाने सुरू होणारा. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस हे अ‍ॅप फुकट आहे. त्यात कामांचे फोटो लावता येतात, रात्री आलेल्या निरोपाला आपोआप उत्तर जाते. त्यातल्या ब्रॉडकास्ट यादीचा निरोप, ज्यांनी तुमचा नंबर साठवला आहे त्यांनाच पोचतो. नंबर साठवून घेण्याचा आग्रह त्यासाठीही.

काम झाले त्याच दिवशी गुगलवर अभिप्राय मागा. त्याबदल्यात सूट देऊ नका. ते गुगलच्या नियमात बसत नाही. ‘पाच तारे द्या’ असेही म्हणू नका. ‘झाड कोणते होते आणि आवार कसे ठेवले तेवढे लिहा’ असे म्हणा. ‘पार्किंगवर झुकलेला रेन ट्री, एकाही गाडीला ओरखडा नाही’ हे एक वाक्य दहा वेळा लिहिलेल्या ‘गुड सर्व्हिस’पेक्षा भारी.

मुलाला इन्स्टाग्रामची हौस असेल तर फोटो त्याच्याकडून काढून घ्या : आधीचा आणि नंतरचा, एकाच जागेवरून, घरमालकाला विचारून. पैसे भरायचेच झाले तर मेच्या शेवटच्या आठवड्यात, आपल्या भागापुरते भरा.

सोसायटीचा ग्रुप आणि सेक्रेटरी

बंगलेवाला एकदा बोलावतो, सोसायटी दरवर्षी बोलावते. पण तिथे निर्णय एकट्याचा नसतो. सहकारी गृहनिर्माण संस्थांची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी व्हावी लागते आणि पावसाळ्यात पडलेल्या फांद्यांवरून होणारी भांडणे त्या सभेत ताजी असतात. म्हणून ऑगस्टमध्ये सेक्रेटरींना भेटा आणि आवारातली झाडे फुकट पाहून देतो म्हणा. कुठली फांदी वाळली आहे, कुठली गॅलरीत शिरली आहे, कुठल्या झाडाला काहीच करायची गरज नाही, असे एका पानावर लिहून द्या. तो कागद सभेत वाचला जातो आणि ग्रुपवर फिरतो. मग मार्चमध्ये पुन्हा एक फोन.

सोबत परवानगीच्या अर्जाला मदत देऊ करा. शहरी भागात महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे. वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरची झाडे हेरिटेज वृक्ष ठरतात. छाटणीसाठीही महापालिकेकडे अर्ज करावा लागतो. पुष्कळ सोसायट्यांचे काम झाडापाशी अडत नाही, या कागदापाशी अडते. जो कागद पुढे सरकवतो त्याला काम मिळते.

सोसायटीत नारळ असतील तर ते तुमचे हप्त्याचे गिऱ्हाईक समजा. नारळाला साधारण महिन्याला एक नवी झावळी आणि तिच्या बेचक्यात एक पोय येते. म्हणजे वाळक्या झावळ्या आणि तयार नारळ यांचे खाली पडणे वर्षभर चालूच राहते. वर्षातून तीनदा येण्याचा ठराव करून घ्या. खाली गाड्या लावणारे सभासदच तुमची बाजू मांडतील.

वॉचमन, माळी आणि सोलरवाला

माळ्याच्या हाती कात्री असते, तीस फुटांवर तो चढत नाही. त्याचे काम तुम्ही घ्यायचे नाही, हे त्याला आधीच सांगा. मग तो तुमचे नाव मोकळेपणाने सांगेल. वॉचमनच्या केबिनमध्ये प्लंबर, वायरमन यांच्या नंबरांची एक यादी चिकटवलेली असते. त्या यादीत आपला नंबर लिहून घ्यायला चहाचे पैसे पुरतात. जवळच्या नर्सरीवाल्याकडे कार्डे ठेवा. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आल्यापासून छतावर सोलर बसवणारे बरेच झाले आहेत. पॅनेलवर सावली पडली की त्यांना तुमची आठवण यावी. मात्र सावलीसाठी आख्खे झाड पाडायला सांगतील, तेव्हा नाही म्हणा.

गच्चीवर बाग करणाऱ्यांना पालापाचोळा हवाच असतो. पुण्यात ‘ब्राऊन लीफ’ या उपक्रमाने वाळकी पाने असणारे आणि ती हवी असणारे यांची गाठ घालून दिली आहे. तुम्हाला जो कचरा फेकायला पैसे मोजावे लागतात, तो पोत्यात भरून चार बागवाल्यांना दिलात तर झाडाविषयी बोलणारी चार माणसे तुमची होतात.

‘नाही’ म्हणण्याची जाहिरात

‘शेंडाच उडवून टाका’ असे लोक हमखास सांगतात. शेंडा उडवला की त्या जागी कमजोर फुटव्यांचा झुपका येतो आणि तोच पुढे वाऱ्यात मोडतो. हे समजावून कमी पैशांचे योग्य काम करा. विजेच्या तारेला लागलेली फांदी असेल तर महावितरणकडून पुरवठा बंद करून घेतल्याशिवाय हात लावू नका. ‘तो नको म्हणाला आणि कारण सांगितलं,’ ही गोष्ट लोक आपणहून चार घरी सांगतात.

आता पाच हजार

यातले साठ रुपये आधी तिन्ही पोरांच्या विम्यावर घाला. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत माणशी वर्षाला २० रुपयांत २ लाखांचे अपघाती संरक्षण मिळते. बँकेत खाते आणि वय १८ ते ७० एवढीच अट. ते पुरेसे नाही, पुढे मोठा विमा घ्याच. पण सेक्रेटरींच्या पहिल्या प्रश्नाला आज उत्तर तयार असेल. व्यवसायाची ‘उद्यम’ नोंदणीही सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, तिला एजंट नको. दीड हजारात कार्डे आणि चिठ्ठ्या, हजारात गेटजवळ उभी करायची घडीची पाटी, हजारात चौघांचे एकसारखे, पाठीवर नाव-नंबर असलेले टी-शर्ट. वर चढलेल्याची पाठच खालून दिसते, हे विसरू नका. उरलेले मेपर्यंत राखून ठेवा.

आणि दहा रुपयांची एक वही घ्या. फोन आला की पहिला प्रश्न : ‘नंबर कुठून मिळाला?’ उत्तर तारखेसह लिहा. वर्षाने वही उघडली की कुठली फांदी फळ देते आणि कुठली नुसतीच रस खाते ते दिसेल. पुढचे काय करायचे, ते तुम्हाला मी शिकवायला नको.