प्लेटलेटचा रिपोर्ट आला, पण नमुना नीट होता का?

पावसाळ्यात डेंग्यूचा ताप सुरू झाला की घरोघरी एकच शब्द ऐकू येतो – प्लेटलेट. आकडा कमी आला की जीव घाबरा होतो, रातोरात गाडी ठरते, गटातून तातडीचं कर्ज उचललं जातं. म्हणून हा रिपोर्ट कधी फसवतो, ते समजून घेऊ.

प्लेटलेट म्हणजे काय?
रक्तातल्या अगदी बारीक पेशी. जखम झाली की त्या एकमेकींना चिकटून रक्त थांबवतात. एका मायक्रोलिटर रक्तात त्या साधारण १.५ ते ४.५ लाख असतात.

आकडा खोटा कमी का येतो?
• रक्त हळूहळू, अडखळत आलं किंवा जांभळ्या झाकणाची नळी लगेच ८-१० वेळा हलकेच उलटसुलट केली नाही, तर नळीत गुठळी होते. तिच्यात अडकलेल्या प्लेटलेट मशीन मोजत नाही.
• काहींच्या प्लेटलेट या नळीतल्या रसायनामुळेच एकमेकींना चिकटतात. बाई ठणठणीत असते, तरी आकडा कमी येतो. अशा वेळी निळ्या झाकणाच्या नळीत पुन्हा रक्त घेतात आणि काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात.

आकडा बरोबर, तरी रक्त थांबत नाही?
पाळीत फार रक्त जातं, हिरड्यांतून रक्त येतं, अंगावर सहज काळेनिळे डाग पडतात, पण आकडा ठीक असतो. मग डॉक्टर प्लेटलेटचं काम तपासायला सांगू शकतात. ही तपासणी मोठ्या लॅबमध्येच होते आणि तिचा नमुना फार नाजूक असतो. निळी नळी खुणेपर्यंतच भरावी लागते, फ्रीजमध्ये ठेवून चालत नाही आणि साधारण ४ तासांत तपासणी व्हावी लागते. म्हणून रक्त गावातून पाठवू नका, लॅबमध्ये जाऊनच द्या.

गोळ्यांचं काय?
अ‍ॅस्पिरिनची एक गोळीही प्लेटलेटचं काम ७ ते १० दिवस मंदावते. आयबुप्रोफेनसारख्या दुखण्याच्या गोळ्यांचाही परिणाम होतो. घेतलेली प्रत्येक गोळी आणि जडीबुटी डॉक्टरांना सांगा. पण हृदयविकारासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल, तर आपल्या मनाने बंद करू नका.

इथे मात्र थांबायचं नाही
डेंग्यूत पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, नाका-हिरड्यांतून रक्त, फार सुस्ती किंवा तगमग दिसली, तर आकडा कितीही असो, लगेच दवाखाना गाठा. ताप उतरल्यावरचे एक-दोन दिवस जास्त जपा. तापात अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन घेऊ नका.

पुढच्या बैठकीत बोलूया
१. रिपोर्ट कमी आला, पण पेशंटला त्रास नाही. डॉक्टरांना काय विचाराल? ("नमुन्यात गुठळी होती का? पुन्हा तपासायचं का?")
२. कोणत्या खुणा दिसल्या तर रिपोर्टची वाट बघायची नाही?

आशाताईंना बैठकीला जरूर बोलवा.