टोळीतला शेवटचा हुद्दा



मागच्या महिन्यात आठवीतली काही मुले एक कागद घेऊन माझ्या खोलीत आली. मधल्या सुट्टीत ही मुले ऑर्कांची टोळी बनून खेळतात. पालकांसाठी सांगतो, ऑर्क म्हणजे टोल्किन यांच्या १९५४-५५ च्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ कादंबरीमुळे प्रसिद्ध झालेले रांगडे, लढाऊ प्राणी. पुढे १९९४ साली ‘वॉरक्राफ्ट’ या संगणकावरील खेळातही ते आले.

टोळीचे हुद्दे तपासून द्या, अशी मुलांची विनंती होती. यादीत वर सम्राट, महाराजाधिराज आणि चक्रवर्ती असे तिघे, आणि सर्वांत खाली ‘प्यून’. तो हुद्दा पाचवीतल्या एका मुलाला दिला होता आणि त्याने खेळायला येणे सोडले होते. यादी वाचून होत असतानाच आपले शिपाई काका पाण्याचा पेला घेऊन आत आले. मुलांनी माना खाली घातल्या.

मग आम्ही शब्दांचाच पाठ घेतला. ‘प्यून’चे मूळ पोर्तुगीज भाषेत आहे, अर्थ पायदळातला सैनिक. ‘शिपाई’ फारसीतून आला, त्याचाही अर्थ सैनिकच. बुद्धिबळातले ‘प्यादे’सुद्धा पायी चालणारा. शब्द मानाचे होते, वापरणाऱ्यांनी ते खाली आणले. वॉरक्राफ्टमध्येही ऑर्कांच्या कामकऱ्याला प्यूनच म्हणतात. तो सोने आणतो, लाकूड तोडतो, छावणी बांधतो. तो नसेल तर सेनापतीला सैन्यच मिळणार नाही!

या चर्चेतून तीन नियम निघाले.

१) हुद्द्यावरून काम कळावे. शिवकालीन घोडदळात २५ स्वारांवर हवालदार, ५ हवालदारांवर जुमलेदार आणि १० जुमल्यांवर हजारी असे. नाव ऐकताच जबाबदारी कळायची. एका टोळीत तीन सम्राट असतील तर आज्ञा कोणाची मानायची?

२) हुद्दा टोळीच्या स्वभावाला शोभावा. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ (२००४) या खेळात माणसांच्या पक्षाला ‘नाइट’, ‘मार्शल’ अशा पदव्या होत्या, तर ऑर्कांच्या पक्षाला ‘स्टोन गार्ड’, ‘ब्लड गार्ड’, ‘वॉरलॉर्ड’. दगड, रक्त, युद्ध हे ऑर्कांचे जग. तिथे ‘महाराजाधिराज’ शोभत नाही.

३) शेवटचा हुद्दा सर्वांत आधी ठरवावा. तो स्वतःला मिळाला तर आनंदाने घेऊ का, हे स्वतःला विचारावे. उत्तर ‘नाही’ असेल तर तो हुद्दा खोडून टाकावा.

मुलांनी नवी यादी केली: रणप्रमुख, दगडी पहारेकरी, शिंगवाला, वाटाड्या आणि शेवटी तळबांधणारा. पाचवीतला तो मुलगा आता वाटाड्या आहे, कारण मैदानातल्या सगळ्या वाटा त्यालाच ठाऊक आहेत. तळबांधणाऱ्याचे काम आठवडाभर स्वतः टोळीप्रमुखाने मागून घेतले.

पालक आणि विश्वस्त बंधुभगिनींनो, हा मुलांचा खेळ खरा, पण घरात आणि संस्थेतही आपण माणसांना कोणत्या नावाने हाक मारतो, हे मुले रोज ऐकत असतात.

स्वाध्याय : नाईक, सुभेदार, हवालदार, चौकीदार या शब्दांचे मूळ अर्थ शब्दकोशात शोधा. आपल्या वर्गातल्या पाच कामांना पाच हुद्दे द्या. यादी खालून वर लिहा.

— मुख्याध्यापक