चीवर आणि सत्ता : श्रीलंकेपासून घ्यावयाचा धडा

गेल्या वर्षावासात ग्रंथवाचन संपल्यावर एका तरुणाने मला विचारले, "काका, इतर धर्मांत धर्म आणि राजकारण यांची भेसळ होते, असे आपण नेहमी म्हणतो. बौद्ध देशांत तरी तसे होत नसेल ना?" मी त्यावेळी थातूरमातूर उत्तर दिले. घरी आल्यावर मात्र मनाला चुटपुट लागून राहिली. त्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर देण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे.

श्रीलंका हा आपणांस अत्यंत आदरणीय असा देश. महेंद्र आणि संघमित्रा यांनी तेथे धम्म नेला. पाली त्रिपिटक ग्रंथबद्ध झाले ते तेथेच. बोधगयेसाठी आयुष्य वेचणारे अनागारिक धर्मपाल तेथलेच. १९५० साली कॅंडी येथील जागतिक बौद्ध परिषदेला परमपूज्य बाबासाहेब स्वतः उपस्थित होते. म्हणूनच तेथे झालेली चूक परक्याची म्हणून आपण सोडून देऊ शकत नाही.

प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे. इंग्रजी राजवटीत तेथील बौद्धांवर अन्याय झाला होता. चांगल्या शाळा बहुतांशी मिशनऱ्यांच्या हाती होत्या आणि सरकारी नोकरीसाठी इंग्रजी आवश्यक होती. खेड्यातला सिंहली तरुण मागे राहिला. १९४८ साली देश स्वतंत्र झाल्यावर त्याने आपला हक्क मागितला, यात गैर काहीच नव्हते. परंतु न्यायाची मागणी हळूहळू वर्चस्वाची मागणी कशी बनते, हे पुढील इतिहास दाखवितो.

१९५६ हे महापरिनिर्वाणाचे २५०० वे वर्ष. त्या वर्षीच्या निवडणुकीत भिक्खूंची संघटना प्रचारात उतरली. जन्माने ख्रिस्ती, ऑक्सफर्डला शिकलेले आणि पुढे बौद्ध झालेले बंडारनायके पंतप्रधान झाले. सिंहली हीच एकमेव राजभाषा, असा कायदा त्याच वर्षी झाला. तमिळ भाषक आपल्याच देशात परके ठरले. वाचकहो, त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात काय घडले, हे आपणांस सांगावयास नको. येथे धम्माने माणूसपण नाकारलेल्यांना माणूस केले. तेथे धम्माच्या नावाने बहुसंख्याकांचे आसन उंच केले गेले. वर्ष एक, शास्ता एक, पण वाटा दोन!

जुलै १९५७ मध्ये बंडारनायके यांनी तमिळ नेते चेल्वनायगम यांच्याशी समझोता केला. एप्रिल १९५८ मध्ये भिक्खूंनी त्यांच्या घरासमोर ठाण मांडले आणि पंतप्रधानांनी तो समझोता रद्द केला. पुढच्याच महिन्यात भीषण दंगली उसळल्या. २५ सप्टेंबर १९५९ रोजी बंडारनायके यांच्यावर त्यांच्या निवासस्थानी गोळ्या झाडल्या गेल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे निधन झाले. गोळ्या झाडणारा सोमाराम हा चीवरधारी होता. कटाचा सूत्रधार ठरलेला बुद्धरक्खित हा केलनिया येथील प्रसिद्ध विहाराचा प्रमुख होता आणि १९५६ च्या प्रचारात तोच बंडारनायके यांच्यासाठी झटला होता. सत्तेला खांदा देणारा सत्तेकडे मोबदला मागतो, हा नियम चीवरालाही चुकला नाही.

१९८३ पासून मे २००९ पर्यंत त्या देशाने यादवी युद्ध भोगले. अत्याचार एकाच बाजूने झाले नाहीत. १९८७ साली अरंतलावा येथे तमिळ वाघांनी तीसहून अधिक भिक्खूंची हत्या केली. तरीही समेटाची पहिली संधी कोणी घालविली, हा प्रश्न उरतोच.

हे मिश्रण असे का नासते? धम्म सांगतो, तृष्णा सोड. पुराणमतवादी राजकारण सांगते, जात, भाषा, भूमी आणि मान घट्ट धरून ठेव. धम्म माणसाला स्वतःचे चित्त तपासावयास लावतो, तर ते राजकारण शत्रू शोधावयास लावते. दोन्ही एका मुखातून बोलू लागली की धम्माचे शब्द राहतात आणि अर्थ राजकारणाचा होतो. महावंसात एक कथा आहे. युद्धातील नरसंहाराने व्याकूळ झालेल्या दुट्ठगामणी राजाला अर्हंत सांत्वन देतात की, मारले गेलेल्यांत खरी माणसे दीडच होती. त्रिशरण घेतलेला पंचशीलधारी एक, केवळ त्रिशरण घेतलेला अर्धा. ज्या तथागतांनी प्राणिमात्रावर मैत्री शिकविली, त्यांच्या नावाने असे सांत्वन!

आपल्याला अधिक बोचणारी गोष्ट पुढेच आहे. २००४ साली जातिक हेळ उरुमय या पक्षाचे नऊ उमेदवार संसदेत निवडून आले, ते सर्व भिक्खू. त्याच वर्षी त्यांनी धर्मांतरावर निर्बंध घालणारे विधेयक आणले. न्यायालयाने त्यातील काही कलमे राज्यघटनेशी विसंगत ठरविली आणि तो कायदा झाला नाही. पण आपण कोण आहोत? आपण धर्मांतरित आहोत. सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आपल्या घटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदात आहे. ते आपल्याला हवे आणि दुसऱ्याला नको, असे म्हणता येईल काय?

मग बौद्धांनी राजकारणच करू नये काय? तसे मुळीच नाही. बाबासाहेबांनी आयुष्यभर राजकारण केले, पण ते हक्क नाकारलेल्यांसाठी. भिक्खू हा समाजसेवक असावा, ही त्यांची अपेक्षा होती. समता आणि करुणा घेऊन राजकारणात जावे. धर्माचा मानमरातब राखण्यासाठी सत्ता मागू नये. मी बँकेत नोकरी करतो. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांच्या हाती असतात. दोन्ही एकाच्या खिशात गेल्या, तर तो माणूस कितीही सज्जन असला तरी ठेवीदाराने निर्धास्त झोपू नये. विहाराची किल्ली आणि सत्तेची किल्ली यांचेही असेच आहे.

अशोकाने आपल्या बाराव्या शिलालेखात बजावले आहे की, जो आपल्या पंथाच्या भक्तीपोटी दुसऱ्याच्या पंथाची निंदा करतो, तो आपल्याच पंथाची हानी करतो. श्रीलंकेला धम्म धाडणारा राजा तो हाच.

त्या तरुणाला माझे उत्तर आहे, "होय बाळा, आपल्यातही तसे होते. म्हणून आपण जागे राहावयाचे."

अभ्यासवर्गात चर्चेसाठी प्रश्न :
१) न्यायाची मागणी आणि वर्चस्वाची मागणी यांतील फरक कसा ओळखावा?
२) आपल्या विहाराच्या व्यासपीठावर राजकीय पक्षाचा फलक असावा काय?
३) आपण जेथे बहुसंख्य असू, तेथे इतरांशी कसे वागू?

भवतु सब्ब मंगलम्!