कापडी लंगोट, लोकरीचं आवरण: निवड आणि निगा

"मुलगी दीड वर्षाची आहे. आता कापडी डायपर सुरू केले तर चालतील का?" असं विचारणारे पालक अलीकडे वाढले आहेत. कुणाला महिन्याच्या डायपरचा खर्च जड जातो, कुणाच्या मुलाला सारखी पुरळ येते, कुणाला रोज कचऱ्यात जाणारा ढीग बघवत नाही. त्यात आता लोकरीच्या आवरणाची भर पडली आहे. जर्मनीत किंवा इंग्लंडमध्ये राहणारी लेक-सून नातवाला ते घालते आणि इथे आजीला काळजी वाटते, की बाळाच्या कमरेला लोकर कशाला?

माझं उत्तर असं: कापडी लंगोट जरूर वापरा. लोकरीचं आवरणही योग्य ऋतूत आणि योग्य मुलाला चांगलं. पण वेळेवर बदलणं, नीट धुणं आणि पूर्ण वाळवणं या तीन गोष्टी जमणार असतील तरच. यातली एक जरी चुकली, तरी महागातला महाग कापडी डायपरही त्वचेला त्रास देतो.

पुरळ कशाने येते?

लंगोटाखालची त्वचा मुख्यतः ओलाव्याने बिघडते. ओली त्वचा मऊ पडते आणि थोड्या घर्षणानेही सोलवटते. लघवीत युरिया असतो. शीमधले जिवाणू त्याचा अमोनिया करतात, त्यामुळे त्वचेची नैसर्गिक आम्लता कमी होते. अशा वेळी शीतले पाचकरस त्वचेवर जास्त जोमाने काम करतात. म्हणून शी आणि शू दोन्ही मिळून बराच वेळ अंगाला लागून राहणं सर्वांत वाईट. जुलाब होत असताना किंवा अँटिबायोटिक चालू असताना पुरळ हमखास वाढते. साधारण नऊ ते बारा महिन्यांच्या वयात हा त्रास सर्वाधिक दिसतो, पण चालायला लागलेल्या मुलांनाही तो होतो. त्यांच्या मांड्या धावताना कापडाच्या कडेवर घासतात.

डिस्पोजेबल डायपरमध्ये सोडियम पॉलिॲक्रिलेटची भुकटी असते. ती लघवी शोषून तिची जेली करते, त्यामुळे वरचा थर बराच वेळ कोरडा लागतो. सुती कापडात ही सोय नाही. दहा किलो वजनाचं मूल तासाला साधारण १० ते २० मिलिलिटर लघवी करतं, म्हणजे दिवसाला पाव ते अर्धा लिटर. हे लक्षात घेऊन कापडी लंगोट दिवसा दर दोन-तीन तासांनी तपासा, ओला असेल तर बदला आणि शी झाली की लगेच काढा. हे जमत नसेल, दिवसभर प्रवास असेल, तर त्या दिवशी डिस्पोजेबल वापरण्यात काहीही गैर नाही.

कापडाचे दोन फायदे मात्र खरे आहेत. ओलं झालेलं मुलाला स्वतःला कळतं. दीड-दोन वर्षांच्या पुढे शी-शूची सवय लावताना याची मदत होते. दुसरं म्हणजे मुलाला लघवी किती होते याचा अंदाज आईला येतो. जुलाब-उलट्या होत असताना सहा-आठ तास लंगोट कोरडाच राहिला, तर शरीरातलं पाणी कमी होत आहे हे लगेच ध्यानात येतं.

कापड कोणतं घ्यावं?

सर्वांत सोपं आणि स्वस्त म्हणजे मऊ सुती चौकोनी कापड: मलमल, किंवा धुऊन धुऊन नरम झालेली सुती साडी अथवा धोतर. आपल्या आज्यांनी वापरलेली बाळोती हीच. घडी उलगडली की कापड एकपदरी होतं. त्यामुळे ते स्वच्छ निघतं आणि लवकर वाळतं. शिवलेले जाड लंगोट सोयीचे असतात, पण त्यांचे आतले पदर उशिरा वाळतात. बांबू आणि हेम्पच्या धाग्याचं कापड पाणी जास्त शोषतं. ते रात्रीसाठी जादा पट्टी म्हणून चांगलं, पण तेही सावकाश वाळतं. मायक्रोफायबरची पट्टी थेट त्वचेला लावू नका. ती त्वचेचा ओलसरपणाही ओढून घेते आणि घासते. तिच्यावर मऊ कापडाचा थर हवाच.

बाजारातल्या बहुतेक कापडी डायपरना बाहेरून प्लॅस्टिकचा पातळ थर दिलेलं पॉलिएस्टर असतं. ते गळत नाही, पण आतली वाफही फारशी बाहेर जाऊ देत नाही. त्यामुळे "वॉटरप्रूफ आहे" म्हणून बदलण्याची वेळ लांबवू नका.

मापाकडे नीट लक्ष द्या. कमरेशी दोन बोटं सहज जायला हवीत. लंगोट काढल्यावर मांडीवर लाल वळ उमटला असेल, तर इलॅस्टिक घट्ट आहे. चळवळ्या मुलाला सेफ्टी पिन लावू नका, बटण किंवा वेल्क्रो बरं. घरात तान्हं बाळ असेल तर त्याचे पाय सरळ ताणून घट्ट बांधू नका. पाय गुडघ्यात वाकून बाजूला मोकळे पसरता आले पाहिजेत, कारण खुब्याच्या सांध्याच्या योग्य वाढीसाठी ते गरजेचं आहे.

रोज धुणार असाल तर उन्हाळ्या-हिवाळ्यात १२ ते १५ लंगोट पुरतात, पावसाळ्यात २० तरी हवेत. एकदम सगळे विकत घेऊ नका. दोन-तीन प्रकार आठवडाभर वापरून बघा, मग ठरवा.

लोकर कशासाठी?

लोकरीचं आवरण सुती लंगोटावरून घालायचं असतं. शोषण्याचं काम आतलं सूतच करतं. लोकरीचा धागा स्वतःच्या वजनाच्या जवळपास तिसऱ्या हिश्शाएवढी वाफ सामावून घेतो आणि तरीही हाताला ओला लागत नाही. त्यावर लॅनोलिन नावाचं नैसर्गिक मेण असतं, ते पाण्याच्या थेंबाला अडवतं. वाफ बाहेर जाते, थेंब आत राहतो. दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी पांघरून आपला मेंढपाळ पावसात उभा राहू शकतो तो याच गुणांमुळे.

मात्र घोंगडीची लोकर बाळाच्या अंगाला चालणार नाही. साधारण ३० मायक्रॉनहून जाड धागा त्वचेला टोचतो. मेरिनो मेंढीची लोकर यापेक्षा बरीच बारीक असते, तीच घ्या. घरी विणणाऱ्या आजींना खास सूचना: आपल्याकडे "लोकर" म्हणून मिळणारे बरेचसे गुंडे ॲक्रिलिकचे असतात. ॲक्रिलिक ओल सामावून घेत नाही, त्यामुळे या कामाला ते निरुपयोगी. गुंड्यावरची चिठ्ठी वाचा. शंका असेल तर मुलापासून दूर, चिमट्यात धरून धाग्याचा तुकडा जाळून पाहा. खरी लोकर केस जळल्यासारखा वास देते आणि तिची राख बोटाने चुरते. ॲक्रिलिक वितळून त्याची कडक गोळी होते.

विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात किंवा मुंबईच्या दमट दुपारी घरात आवरणच नको. नुसता सुती लंगोट पुरे, तोही मधूनमधून काढून ठेवा. थंडीच्या रात्री, घाटमाथ्यावर किंवा परदेशातल्या हिवाळ्यात लोकर फार उपयोगी. मुलाला एक्झिमा असेल, तर जाडसर लोकरीने खाज वाढते. आधी त्वचारोगतज्ज्ञांना विचारा. काही मुलांना लॅनोलिनची ॲलर्जी असू शकते. म्हणून पहिल्यांदा आवरण थोडा वेळ घालून त्वचा पाहा आणि मगच रात्रभर घाला.

लोकरीची निगा

लोकर रोज धुवायची नसते. लघवीने दमट झालेलं आवरण वाऱ्यावर टांगा, वाळलं की पुन्हा वापरा. दोन-तीन आवरणं आळीपाळीने वापरली तर दोन ते चार आठवड्यांनी धुतलं तरी चालतं. शी लागली, वाळल्यावरही वास राहिला किंवा ओल बाहेर येऊ लागली, तर लगेच धुवा.

कोमट पाणी आणि लोकरीसाठीचा सौम्य साबण किंवा बेबी शाम्पू घ्या. हलक्या हाताने दाबून धुवा. गरम पाणी, घासणं आणि धुण्याचा सोडा यांनी लोकर आटते, आणि एकदा आटली की पूर्ववत होत नाही. पिळू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत आडवं पसरून वाळवा.

पाणी अडेनासं झालं की लॅनोलिन पुन्हा द्यावं लागतं. एका आवरणाला अर्धा ते एक चमचा शुद्ध लॅनोलिन पेलाभर गरम पाण्यात, दोन थेंब बेबी शाम्पू घालून, दुधाळ होईपर्यंत ढवळा. ते कोमट पाण्यात मिसळा, त्यात आवरण उलटं करून काही तास बुडवा आणि वर सांगितल्याप्रमाणे वाळवा.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. लोकरीला कसर लागू नये म्हणून कपाटात डांबरगोळ्या ठेवण्याची आपली जुनी सवय आहे. बाळाच्या कपड्यांत डांबरगोळ्या कधीही ठेवू नका. त्यातल्या नॅफ्थलीनची वाफ श्वासातून आणि त्वचेतून शरीरात जाते. जी-६-पीडी या एन्झाइमची जन्मतः कमतरता असलेल्या मुलांमध्ये त्यामुळे तांबड्या रक्तपेशी फुटतात, कावीळ होते आणि रक्त झपाट्याने कमी होतं. हा दोष मुलग्यांमध्ये जास्त आढळतो, आणि बहुतेक घरांत तो आहे हे माहीतच नसतं. शिवाय रांगतं मूल ती गोळी तोंडात घालू शकतं. लोकर स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि महिन्यातून एकदा काढून झटका. तेवढं पुरतं.

सुती लंगोट असे धुवा

१. शी संडासात टाका. लहान मुलाची शी निर्धोक असते हा गैरसमज आहे. जुलाबाचे रोगजंतू तिच्यातूनही पसरतात. भांड्यांच्या मोरीत लंगोट धुवू नका आणि नंतर हात साबणाने धुवा.

२. वापरलेले लंगोट झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवा. बादलीत भिजत घालून ठेवू नका. चालतं मूल बादलीत डोकं घालून पडलं, तर थोड्या पाण्यातही बुडू शकतं.

३. आधी गार पाण्यात खळबळून काढा, मग नेहमीच्या धुण्याच्या पावडरीने धुवा. मशीनमध्ये ६० अंशांवर, किंवा हाताने धुताना गरम पाण्यात. मशीन कोंबून भरू नका.

४. साबण पूर्ण निघेपर्यंत, किमान दोनदा स्वच्छ पाण्यातून काढा. साबण उरला तरी त्वचा जळजळते.

५. फॅब्रिक सॉफ्टनर नको, त्याने कापडावर थर बसतो आणि ते पाणी शोषेनासं होतं. जंतुनाशक द्रवही नको, त्याचा अंश नाजूक त्वचेला झोंबतो.

बोअरच्या जड पाण्याने कापड कडक होतं आणि ओलं होताच अमोनियाचा भपकारा येतो. अशा वेळी शक्य असेल तर शेवटचं पाणी नळाचं किंवा पावसाचं वापरा. उन्हात वाळवणं उत्तम, पण प्लॅस्टिकचा थर असलेलं आवरण कडक उन्हात किंवा इस्त्रीखाली खराब होतं, ते सावलीत वाळवा.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात दमट लंगोट बांधले जातात आणि बुरशीची पुरळ येते. त्या दिवसांत एकपदरी कापडच वापरा, पंख्याखाली वाळवा आणि बांधण्याआधी इस्त्री फिरवा. हाताला किंचितही गार लागलं तर ते अजून वाळलेलं नाही असं समजा.

पुरळ आलीच तर

शी-शूची जागा कोमट पाण्याने धुवा, टिपून कोरडी करा, घासू नका. दिवसातून काही वेळा लंगोटाविना ठेवा. झिंक ऑक्साइडचं मलम किंवा पेट्रोलियम जेलीचा जाडसर थर लावा. आधीचा थर दर वेळी खरवडून काढायची गरज नाही. टाल्कम पावडर टाळा, तिची धूळ श्वासात जाते. बोरिक पावडर तर मुळीच नको, ती शरीरात शोषली गेली तर विषारी ठरते.

दुकानातून सांगून आणलेली "खाजेची क्रीम" लावू नका. अशा अनेक क्रीममध्ये तीव्र स्टेरॉइड असतं. लंगोटाखाली झाकलेल्या जागेत ते जास्त शोषलं जातं, त्वचा पातळ होते आणि बुरशी आणखी पसरते.

पुढीलपैकी काही दिसलं तर डॉक्टरांना दाखवा: दोन-तीन दिवसांत उतार नाही, जांघेच्या घडीत गडद लाल चट्टे आणि भोवती बारीक पुटकुळ्या, पाण्याचे फोड, पू किंवा रक्त, सोबत ताप, लघवी करताना रडणं. घडीतली पुरळ बहुधा बुरशीची असते आणि तिला वेगळं औषध लागतं.

पालकहो, लंगोट कापडी असो की विकतचा, सुती असो की लोकरीचा, मुलाच्या त्वचेला कोरडेपणा हवा असतो. तेव्हा खरेदीला जाण्याआधी घरात बसून ठरवा: दिवसा कोण बदलणार, कोण धुणार आणि पावसाळ्यात कुठे वाळवणार. हे काम एकट्या आईवर टाकू नका. बाबा, आजी-आजोबा आणि पाळणाघरातल्या ताईंनाही हे सगळं शिकवा. ही व्यवस्था लागत असेल, तर कापडी लंगोट निःशंकपणे सुरू करा.