जामीनदार

मी पेणला राहतो आणि रोह्याच्या शाळेत शिकवतो. सकाळच्या गाडीने कासू, नागोठणे, निडी अशी स्थानके मोजत जाणे हा माझा रोजचा क्रम आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. दहावीची एक मुलगी मधल्या सुट्टीत माझ्याकडे आली. तिच्या हातात घडी घातलेला एक कागद होता. "सर, एवढे वाचून दाखवाल का? मला थोडे समजले, थोडे नाही," ती म्हणाली.

तो न्यायालयाचा आदेश होता. तिच्या शेजारच्या खालांचा एकोणीस वर्षांचा मुलगा चोरीच्या संशयावरून पकडला गेला होता. खालांना मराठी चांगले बोलता येई, पण वाचता येत नसे. अर्ज नामंजूर झाला, असे कोणीतरी त्यांना सांगितले. त्यांनी रडत रडत तो कागद तांदळाच्या डब्याखाली ठेवून दिला होता.

मी कागद वाचला. अर्ज मंजूर झाला होता! पंधरा हजार रुपयांचा एक जामीनदार द्यावा, एवढीच अट होती. आदेशावरची तारीख सतरा दिवसांपूर्वीची होती.

"मंजूर झाला, मग तो अजून अलिबागच्या तुरुंगात का, सर?"

या प्रश्नाचे उत्तर मला लगेच देता आले नाही. जामीनदार शोधायला आणखी नऊ दिवस गेले. लोक सहानुभूती दाखवत. घरपट्टीची पावती मागितली की त्यांना काम आठवे. अखेर त्या मुलीचे मामू जामीन राहिले. मुलगा घरी आला. दोन वर्षांनी खटल्यातून तो निर्दोष सुटला. पण तुरुंगातले ते सव्वीस दिवस कोण परत देणार?

मुलांनो, कोर्टाची मराठी अवघड असते, असे तुम्ही म्हणता. जरा नीट ऐका. वकील, अर्ज, फिर्याद, कैदी, तारीख, पंचनामा, फौजदारी. यांतला कोणता शब्द तुम्हांला परका वाटतो? आरोपीने स्वतःच लिहून दिलेल्या हमीला 'जातमुचलका' म्हणतात. त्यातली जात म्हणजे आपली 'ज़ात', आणि मुचलका तर उर्दूतही मुचलकाच! मात्र सावध राहा. उर्दूत 'ज़ामिन' म्हणजे हमी घेणारा माणूस. मराठीत जामीन म्हणजे ती हमीसुद्धा आणि कधी तो माणूससुद्धा. आणि हिंदीतली 'शिक्षा' शाळेत मिळते, मराठीतली न्यायाधीश देतात. (आमच्या वर्गातील काहींच्या मते दोन्ही एकच.)

त्या मुलीने बारावीनंतर बी. ए. केले. पुढे काय करणार, असे विचारल्यावर ती म्हणाली, "फौजदारी न्यायाचा अभ्यास." घरात एकच गोंधळ उडाला. "तुरुंगात मुलीचे काय काम?" असे अब्बांनी विचारले. अम्मी दोन दिवस बोलल्या नाहीत. मामूंनी तिची बाजू घेतली.

हा अभ्यास मुंबईत देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत होतो. १९३६ साली ही संस्था सुरू झाली, ती नागपाड्याच्या वस्तीत. तिचे पहिले संचालक डॉ. क्लिफर्ड मॅन्शार्ट हे होते. तेथे समाजकार्याच्या एम. ए. मध्ये गुन्हा आणि न्याय यांचा विशेष अभ्यास करता येतो. कोणत्याही शाखेचा पदवीधर प्रवेश परीक्षा देऊ शकतो. अभ्यास दोन वर्षांचा. वर्गात कायदा आणि समाजशास्त्र शिकायचे. पण बरेचसे शिक्षण तुरुंगात, पोलीस ठाण्यात, बालगृहात होते. १९९० साली या संस्थेने 'प्रयास' हा प्रकल्प सुरू केला. त्याचे कार्यकर्ते कैद्यांना वकील मिळवून देण्यास मदत करतात, त्यांच्या घरी निरोप पोहोचवतात, सुटलेल्यांना कामाला लावतात. विज्ञान शाखेच्या मुलांना दुसरी वाट आहे. रक्त, बोटांचे ठसे, हस्ताक्षर तपासण्याचे शास्त्र मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्थांत शिकवतात.

पहिल्याच सत्रात तिने हुसैनआरा खातून यांचा खटला वाचला. हुसैनआरा बिहारच्या तुरुंगात होत्या. तेथे कित्येक माणसे खटला सुरू होण्याची वाट पाहत वर्षानुवर्षे पडून होती. काहींनी तर गुन्हा सिद्ध झाला असता तर जेवढी शिक्षा झाली असती, त्याहून जास्त काळ आत काढला होता. वृत्तपत्रातील बातम्यांवरून ॲडव्होकेट पुष्पा कपिला हिंगोरानी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९७९ साली न्यायमूर्ती भगवती यांच्या खंडपीठाने सांगितले, की खटला लवकर चालणे हा माणसाचा मूलभूत हक्क आहे. अनेकांना जातमुचलक्यावर सोडण्यात आले.

तो निकाल चांगलाच होता. पण २०२२ च्या अखेरीस भारतातल्या दर शंभर कैद्यांपैकी सुमारे पंचाहत्तर जण कच्चे कैदी होते, म्हणजे त्यांच्या खटल्यांचा निकाल लागलेला नव्हता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत एक तरतूद आहे. पूर्वी कधी शिक्षा न झालेल्या आरोपीने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला हमीपत्रावर सोडावे. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ही सवलत नाही, आणि एकापेक्षा जास्त खटले असले तरी अडचण येते. शिवाय कायद्यात लिहिलेले आतल्या माणसाला कोणीतरी वाचून दाखवावे लागते.

आता ती हेच काम करते. पगार फार मोठा नाही. अब्बा अजूनही बँकेच्या परीक्षांच्या जाहिराती कापून ठेवतात.

मागच्या ईदला ती रोह्याला आली होती. मीही भेटायला गेलो. थोड्या वेळाने खाला शीरखुर्म्याचे भांडे घेऊन आल्या. त्यांच्याबरोबर एक अनोळखी बाई होत्या. त्यांनी पदराआडून घडी घातलेला एक कागद पुढे केला.

तिने हात पुसले, कागद उलगडला आणि सर्वांत आधी तारीख पाहिली.