वाहण्याची ताकद वेगळी, उचलण्याची वेगळी
लष्करी ट्रेलरवर क्रेनचा हात बसविण्यापूर्वीचा हिशेब

देवनार, गोवंडी, बैंगनवाडी या पट्ट्यात जरीचे व शिलाईचे कारखाने, भंगाराची गोदामे आणि मशीन दुरुस्तीची दुकाने दाटीने वसलेली आहेत. अनेक गल्ल्यांत ट्रक शिरत नाही. माल घाटकोपर-मानखुर्द लिंक रोडला उतरतो आणि पुढे हातगाडीने नाहीतर माणसाच्या पाठीवरून आत जातो. कापसाची प्रमाणित गाठ 170 किलोची असते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1967 च्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने वाहावयाच्या वजनाची मर्यादा 55 किलो सांगितली आहे. म्हणजे एका गाठीचे वजन तीन माणसांच्या मर्यादेपेक्षाही जास्त भरते. कंबर गेली की कारागिराची रोजी जाते, हे आपणांस सांगावयास नको.

म्हणून पुष्कळ जणांना एक युक्ती सुचते. लिलावात निघालेला जुना लष्करी ट्रेलर घ्यावा आणि त्यावर उचलण्याचा हात बसवावा. एक उभा खांब, त्यावर फिरणारा आडवा हात, टोकाला कप्पी आणि खांबाला हाताने फिरविण्याची विंच, एवढेच हे यंत्र. कल्पना चांगली आहे. परंतु "ट्रेलर मजबूत आहे, लष्कराचा आहे" एवढ्या भरवशावर काम सुरू करणे धोक्याचे होय. ट्रेलरची ताकद पेटीत सारखे पसरलेले वजन वाहण्यासाठी असते. क्रेनचा हात तेच वजन एका कोपऱ्यावर आणि तेही गाडीच्या बाहेर टांगतो.

ट्रेलर का उलटतो?

दुसऱ्या महायुद्धातील जीपमागे लावावयाचा पाव टनी ट्रेलर हे सर्वांत ओळखीचे उदाहरण आहे. मुंबईत महिंद्रा कंपनीने 1940 च्या दशकाच्या अखेरीस विलीज जीप जुळवावयास सुरुवात केल्यापासून जीप आपल्याकडे घरची झाली. या ट्रेलरचे रिकामे वजन सुमारे 550 पौंड, म्हणजे 250 किलो. खडबडीत जमिनीवर त्याने वाहावयाचे वजन 500 पौंड, म्हणजे सुमारे 227 किलो. वरकरणी 170 किलोची गाठ त्याला सहज पेलावी.

आता तराजूचा हिशेब करू. दोन चाकांतील अंतर सुमारे 1.24 मीटर आहे. ट्रेलरचे वजन मध्यावर, म्हणजे चाकाच्या रेषेपासून 0.62 मीटरवर धरावे. 250 ला 0.62 ने गुणले की 155 येतात. हे ट्रेलरला जागेवर धरणारे बळ झाले. समजा गाठ चाकाच्या बाहेर 1 मीटरवर टांगली. 170 गुणिले 1 म्हणजे 170. हे उलटविणारे बळ झाले. 170 हे 155 पेक्षा जास्त आहे. म्हणजे जो ट्रेलर ही गाठ आरामात वाहतो, तोच रिकामा असताना ती बाजूने उचलावयास गेला तर उलटेल.

ट्रेलर जीपला जोडलेला असला तरी बाजूने उलटण्यापासून बचाव होत नाही. लष्करी ट्रेलरच्या दांड्याची गोल कडी हुकात फिरते, कारण उंचसखल जमिनीवर दोन्ही गाड्या वेगवेगळ्या कलल्या तरी चालावे म्हणून ती तशीच केलेली असते. शिवाय वजन येताच कमानीचे पाटे व टायर दबतात, पेटी कलते आणि वजन आणखी बाहेर झुकते.

पायांचा उपाय

ज्या बाजूने उचलावयाचे, त्या बाजूस पुढे व मागे एकेक, असे दोन स्क्रूचे पाय चाकाच्या रेषेबाहेर 30 सेंटिमीटरवर टेकवावेत. आता धरणारे बळ 250 गुणिले 0.92 म्हणजे 230 आणि उलटविणारे 170 गुणिले 0.70 म्हणजे 119. जवळजवळ दुप्पट फरक पडला. पायाखाली जाड लाकडी फळी हवी. डंपिंग ग्राउंडच्या बाजूची भरावाची जमीन वरून कडक दिसते, पण अरुंद लोखंडी पाय तीत रुतू शकतो. चाकांना दोन्ही बाजूंनी गुटके लावावेत. जीपपासून सोडलेल्या ट्रेलरवर कधीही वजन उचलू नये. मागच्या बाजूने उचलताना पुढचा दांडा वर उडतो, म्हणून तेथे मागचे दोन्ही पाय टेकलेले पाहिजेत.

खांब कशावर बसवावा?

खांब पेटीच्या पत्र्यावर बसवू नये. समजा खांब चाकाच्या रेषेच्या 20 सेंटिमीटर आत आहे. मग गाठ खांबापासून 1.20 मीटरवर येते आणि बळ 204 होते. खांबाच्या बैठकीची कड व मागची बोल्टांची ओळ यांत 20 सेंटिमीटर अंतर असेल तर 204 भागिले 0.20, म्हणजे त्या ओळीवर 1020 किलोचा ताण येतो. गाठ 170 ची आणि ताण एक टनाचा! गाठ हेलकावली की तो आणखी वाढतो. पातळ पत्रा अशा ताणाने फाटतो.

म्हणून बैठक चॅसिसच्या चॅनेलला धरावी आणि पलीकडून जाड प्लेट लावून बोल्ट आरपार कसावेत. भोके चॅनेलच्या उभ्या भागात पाडावीत, वरच्या-खालच्या कडांना हात लावू नये. जुन्या ट्रेलरचे चॅनेल आधी घासून पाहावे, रंगाखाली गंज लपलेला असतो.

विंच, दोर आणि गाठ

हँडल सोडताच वजन जागीच थांबेल, अशी आपोआप ब्रेक लागणारी विंच घ्यावी. केवळ दातेरी खटक्याच्या विंचचे हँडल उतरविताना हातातून सुटले तर मनगट मोडते. तारेचा दोर उचलावयाच्या वजनाच्या किमान पाचपट ताकदीचा असावा आणि वजन पूर्ण खाली आले तरी ड्रमवर तीन वेढे शिल्लक राहावेत.

कापडाच्या व कापसाच्या धंद्यातील बांधवांना विशेष सूचना. गाठीच्या पट्टीत किंवा तारेत हुक कधीही अडकवू नये. ती पट्टी माल दाबून धरण्यासाठी असते, टांगण्यासाठी नसते. गाठीखालून दोन रुंद पट्टे घ्यावेत.

चाचणी व कायदा

हात 200 किलोचा ठरविला असेल तर प्रथम 250 किलो वजन जमिनीपासून वीतभर उचलून दहा मिनिटे टांगून ठेवावे. बोल्ट, सांधे व पाय तपासावेत. नंतर हातावर मोठ्या अक्षरांत "200 किलो" असे रंगवावे. 1948 च्या कारखाना कायद्याच्या 29 व्या कलमाने उचलण्याच्या यंत्राची जाणकाराकडून बारा महिन्यांतून एकदा तरी तपासणी व्हावी, असा दंडक घातला होता. आपले दुकान लहान असले तरी ही सवय लावून घ्यावी.

ट्रेलर रस्त्यावर न्यावयाचा असेल तर 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम गाडीतील फेरफारास लागू पडते. काम करण्यापूर्वी वडाळा येथील आरटीओ कार्यालयात विचारणा करावी. चालताना हात आत वळवून पिनेने पक्का करावा. गल्लीत विजेच्या तारा खाली लोंबतात, तेथे हात उभारूच नये.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. माल नेहमी एकाच दारात उतरत असेल तर ट्रेलरवर खर्च करण्यापेक्षा इंजिनिअरला दाखवून दारावर पक्का गर्डर व चेन कप्पी बसविणे अधिक सोयीचे. वेगवेगळ्या ठिकाणी माल उचलावयाचा असेल तरच ट्रेलरचा विचार करावा. तेव्हाही वेल्डिंगवाल्याकडे जाण्यापूर्वी वरील दोन गुणाकार कागदावर मांडावेत. धरणारे बळ उलटविणाऱ्या बळाच्या दुप्पट येत नसेल तर वजन कमी करावे, हात आखूड करावा किंवा पाय अधिक बाहेर घ्यावेत. वजनाखाली उभा राहणारा माणूस आपला कारागीर असतो, हे ध्यानात ठेवावे.